पान ३१ वरचा खुनी

वाचनालयाच्या व्यवहाराचं आधी सांगून टाकतो. अनामत ३०० रुपये, वर्षाची वर्गणी २४०, एका वेळी दोन पुस्तकं, मुदत १५ दिवस. उशीर झाला तर पुस्तकामागे रोज एक रुपया. रविवारी चर्चमधली दुसरी मिस्सा (उपासना) सुटली की दार उघडतं ते बारापर्यंत. शिवाय बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते साडेसात. पावसाळ्यात लाइट गेली की बंद, मग घड्याळात सात वाजलेले असोत नाहीतर सव्वापाच.

हे वाचनालय वसईत आहे, एका चर्चच्या मागच्या अंगाला, पतपेढीच्या वरच्या मजल्यावर. कुठल्या चर्चच्या ते लिहीत नाही. एक तर पुढे तक्रार करायची आहे. दुसरं, ते सांभाळणाऱ्या टीचरनी (शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गावाला त्या टीचरच) बजावलंय, "नाव टाकू नका. लोक बघायला येतील आणि आपल्याकडे खुर्च्या सहा." त्यातली एक डुगडुगते, ती मी धरत नाही.

वसई कोकणात कुठून आली, असं विचारणारे मालवणचे दोस्त मला बोटीवर पुष्कळ भेटले. उत्तर कोकण म्हणतात बाबांनो. समुद्र तोच, बांगडा तोच, लोकल तेवढी जास्तीची.

मी बोटीवर फिटर होतो. १९८४ ला चढलो, कोविडच्या आदल्या वर्षी कायमचा उतरलो. इंजिन रूमच्या आवाजात आठ तास काढल्यावर माणसाला झोप तरी लागते नाहीतर काहीतरी वाचायला तरी लागतं. बंदरात स्टेला मारिसचे लोक बोटीवर यायचे. खलाशांसाठी काम करणारी ही कॅथलिक संस्था, १९२० साली ग्लासगोत सुरू झालेली. फोन कार्डं, लोकरीच्या टोप्या आणि खोकंभर जुनी पुस्तकं ठेवून जायचे. त्या खोक्यात बहुतेक सगळ्या रहस्यकथा, आणि बोटीवरच्या रहस्यकथेला शेवटचं पान नसतं. त्यावर कोणीतरी रमीचा हिशेब मांडून फाडून नेलेलं असतं. एकदा सिंगापूरहून ब्राझीलला जाताना शेवटची आठ पानं नसलेली एक कादंबरी आमच्यात अशी फिरली की शेवटी मेसमध्ये मतदान घेतलं. थर्ड इंजिनिअरने बायकोला धरलं, कुकने वकिलाला, मी माळ्याला. कोणी मारलं ते मला आजही माहीत नाही. पुस्तकाचं नावही विसरलो, नाहीतर शोधून काढलं असतं.

तर अशा माणसाला घरापासून सायकलवर दहा मिनिटांत, शेवटच्या पानासकट सातशे पुस्तकं मिळाली.

पहिल्या रविवारी टीचर नव्हत्या. टेबलावर कॉलेजातली एक मुलगी बसली होती. म्हटलं, "बाय, रहस्यं कुठे आहेत?" तिने मान वर न करता माझ्या हातात माळेचं पुस्तक ठेवलं. तिची काय चूक? चर्चच्या आवारात रहस्यं म्हणजे माळेची, रोजरी जपताना मनात आणायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग. आनंदाची, दुःखाची, गौरवाची, आणि २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच वाढवली, म्हणजे आता एकूण वीस. मी म्हटलं, "ती नाही गं, खुनाची." तेव्हा तिने वर पाहिलं.

कपाटं चार. वर टीचरच्या अक्षरात चिठ्ठ्या: 'विज्ञानकथा', 'इतिहास', 'रहस्य (खून)', 'रोजचं'. कंसातला शब्द माझ्यामुळे आला. पुस्तकं बहुतेक एका फादरांनी जमवलेली, जाताना धर्मग्रामाला (चर्चच्या हद्दीतल्या लोकांना) दिलेली. मला आधी कोणीतरी सांगितलं होतं की चारही कपाटं एकमेकांना लागून ठेवायची, अशी त्यांची अट होती. टीचरना विचारलं तर म्हणाल्या, अट कसली, खोलीच दहा बाय चौदाची आहे. पण लागून आहेत हे बरंच झालं. एका कपाटातलं पुस्तक परत करताना हात शेजारच्या कपाटात जातो, आणि माझं सगळं वाचन तसंच झालेलं आहे.

रहस्यकथांत अर्थातच फादर ब्राऊनची पाचही पुस्तकं आहेत. पहिली गोष्ट १९१० ची, पहिलं पुस्तक १९११ चं. गंमत अशी की हा छत्रीवाला, गोल चेहऱ्याचा कॅथलिक फादर उभा करणारे चेस्टरटन तेव्हा स्वतः कॅथलिक नव्हते, ते १९२२ ला झाले. म्हणजे पात्र आधी पोचलं, लेखक अकरा वर्षांनी. त्यांना हे पात्र सुचलं ते जॉन ओकॉनर नावाच्या खऱ्या फादरवरून. गप्पांत या साध्या दिसणाऱ्या माणसाला गुन्ह्यांबद्दल इतकं माहीत आहे हे पाहून चेस्टरटन चाट पडले. आणि त्याच संध्याकाळी कॉलेजातली दोन पोरं म्हणाली, फादर लोक काय, जगापासून लांब राहतात, त्यांना वाईटपणा काय ठाऊक! अरे, दर शनिवारी कन्फेशनच्या खुर्चीत बसून गावाची घाण ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल तर कोणाला? आमच्याकडे गुड फ्रायडेच्या आधी ती रांग बघा एकदा. अर्धा तालुका उभा असतो, आणि फादरांचा चेहरा बाहेर येताना असा असतो जसा माझा चौदा तासांच्या पंप दुरुस्तीनंतर.

म्हणून या गोष्टी मला आवडतात. इतर डिटेक्टिव्ह बुटाचे ठसे मोजतात. हा माणूस खुनी का झाला असेल ते स्वतःच्या आत शिरून बघतो, आणि खुनी सापडला की त्याला बेड्या घालण्याची याला फारशी घाई नसते. पुढचं सांगत नाही. माझ्यावर पेन्सिलवाल्याचा आळ यायचा. (पेन्सिलवाला कोण ते येतंच आहे.)

त्याच फळीवर रोनाल्ड नॉक्स आहेत. वडील अँग्लिकन बिशप, मुलगा १९१७ ला कॅथलिक झाला आणि मग फादर. या माणसाने आख्खं बायबल एकट्याने इंग्रजीत आणलं, खुनाच्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९२६ च्या जानेवारीत रेडिओवर लंडनमध्ये दंगल झाल्याची खोटी बातमी अशी वाचून दाखवली की लोक खरंच घाबरले. १९२९ साली त्यांनी रहस्यकथेसाठी दहा आज्ञा लिहिल्या. गुप्त खोली एकापेक्षा जास्त नको. भुताखेताचा हात नको. योगायोगाने डिटेक्टिव्हला मदत करायची नाही. डिटेक्टिव्हने स्वतः खून करायचा नाही. जुळी भावंडं आणायची तर वाचकाला आधी कल्पना द्यायची. मला या यादीत एकच आज्ञा खटकते: गोष्टीत चिनी माणूस नको. म्हणे, त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत खलनायक उठसूट चिनी असायचा, त्याला कंटाळून लिहिलं. असेल. पण मी अकरा महिने चिनी ऑयलरबरोबर एक केबिन वाटून घेतली आहे. त्याने माझा ताप उतरेपर्यंत तांदळाची पेज करून आणली. ती ओळ वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं.

आता विज्ञानकथा. हे कपाट सगळ्यात लहान आणि सगळ्यात इंग्रजी. इथे माझी पहिली, किरकोळ तक्रार: मराठीत म्हणून या कपाटात नारळीकर सोडले तर जवळपास काही नाही. आणि त्यांच्या शेजारी कोण उभं आहे? जॉर्ज लेमेत्र यांचं चरित्र. मी टीचरना म्हटलं, हे खरे फादर, बेल्जियमचे, हे विज्ञानकथेत का? टीचर म्हणाल्या, "वाचून बघा, खरं वाटतं का ते."

खरंच वाटत नाही. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढलेला माणूस, मग फादर, मग १९२७ ला गणिताने दाखवतो की विश्व पसरत आहे, तेही फ्रेंचमधून, फार कोणी न वाचणाऱ्या एका बेल्जियन नियतकालिकात. १९३१ ला म्हणतो, मागे मागे जात राहिलं तर सगळं एका आद्य अणूपाशी जाऊन थांबतं. आज त्याला आपण महास्फोट म्हणतो. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी भाषणात हा सिद्धांत उत्पत्तीच्या कहाणीशी जोडला तेव्हा सगळ्यांत जास्त अवघडले ते लेमेत्रच. त्यांचं म्हणणं, माझं गणित गणिताच्या जागी राहू द्या, श्रद्धेला त्याच्या टेकूची गरज नाही. पुढे २०१८ ला खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने ठराव केला की विश्वप्रसरणाच्या नियमाला हबलबरोबर लेमेत्र यांचंही नाव लावावं. माणूस १९६६ लाच गेला होता.

आणि नारळीकर? ते तर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे शिष्य, महास्फोटाचे जन्मभराचे विरोधक. दोघं एका फळीवर खांद्याला खांदा लावून. यावरून आठवलं, मराठी साहित्य संमेलनाचंही असंच झालं की! ९३ वं संमेलन धाराशिवला, २०२० च्या जानेवारीत, अध्यक्ष आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ९४ वं नाशिकला, अध्यक्ष जयंत नारळीकर. आधी फादर, लगेच मागून खगोलशास्त्रज्ञ. मराठीने हे ठरवून केलं नसेल, पण टीचरच्या कपाटासारखं झालं खरं.

या कपाटातलं खरं रत्न म्हणजे वॉल्टर मिलर यांची 'अ कँटिकल फॉर लिबोवित्झ'. १९५९ ची कादंबरी, विज्ञानकथेसाठीचा १९६१ चा ह्यूगो पुरस्कार. हे मिलर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानांत होते. १९४४ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या माँटे कासिनोच्या मठावर बॉम्ब टाकले गेले, त्या मोहिमेत ते होते. माँटे कासिनो म्हणजे संत बेनेडिक्ट यांचा मठ, सहाव्या शतकातला. तीन वर्षांनी मिलर कॅथलिक झाले. आणि मग त्यांनी अशी कादंबरी लिहिली की अणुयुद्धात जग जळून गेलंय, उरलेल्या लोकांनी चिडून शास्त्रज्ञांना मारलंय, पुस्तकं जाळलीत, आणि वाळवंटात एक मठ आहे, जिथले संन्यासी हाताला लागेल तो छापील कागद जपून ठेवतात. अर्थ कळत नाही, तरी जपतात. वाणसामानाची यादीसुद्धा.

त्यात एक तरुण संन्यासी आहे. त्याला इलेक्ट्रिकच्या सर्किटचं एक जुनं ड्रॉइंग सापडतं, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचं. त्याची सोन्याची वेलबुट्टी काढून एक देखणी प्रत करण्यात तो पंधरा वर्षं घालवतो. त्याला प्रश्न पडतो, जुन्या लोकांनी रेघा सोडून बाकी सगळा कागद रंगवायला एवढी शाई का वाया घालवली असेल?

मी इथे पुस्तक मिटून हसत बसलो. कारण १९८७ ला मी नेमकं तेच केलंय. जपानमध्ये बांधलेली जुनी बोट, इंधनाच्या पाइपलाइनचं ड्रॉइंग घडीवर फाटायला आलेलं. चीफने सांगितलं, तुझा हात बरा आहे, नवीन काढ. मी आठ रात्री बसलो. जपानी अक्षरं मला चित्रांसारखी, तशीच गिरवली. एका झडपेच्या बाजूला एक गोल होता, मध्ये थोडा गडद, कडेला फिका. तोही मी मनापासून काढला, कडेचा फिकेपणा साधायला पेन्सिल बोटाने पुसली. पुढे योकोहामाला जपानी सुपरिंटेंडंट आला. ड्रॉइंग डोळ्यांजवळ नेलं, मग जुनं मागवलं, दोन्ही शेजारी धरली, आणि त्या गोलावर बोट ठेवून म्हणाला, "ग्रीस." डाग होता तो. कोणाच्या तरी अंगठ्याचा. मग त्याने माझ्या ड्रॉइंगवर सही केली, डागासकट. माझ्या अंदाजाने ते अजून त्या बोटीवर असेल, बोट भंगारात गेली नसेल तर.

कादंबरीचे तीन भाग आहेत, दुसरा जरा जड जातो, लॅटिन तर ठायी ठायी. सोडू नका.

हे पुस्तक परत करायला गेलो तेव्हा शेजारच्या इतिहासाच्या कपाटातून संत गोन्सालो गार्सिया यांच्यावरची एक पातळ पुस्तिका उचलली. वसईच्या माणसाला ही कहाणी पाठ असते: वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानात व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, दुभाषे म्हणून परत जपानला गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २५ जणांबरोबर क्रूसावर गेले. १८६२ साली संत. पाठ असणं आणि बघणं वेगळं. आमची बोट एकदा दुरुस्तीला नागासाकीत होती. सुट्टीच्या दिवशी स्टेशनजवळच्या निशिझाका टेकडीवर चढलो. तिथे १९६२ साली उभारलेलं स्मारक आहे, २६ जणांची ब्राँझची रांग. त्यात तीन मुलं, ती उंचीवरून लगेच कळतात. पाय कोणाचेच जमिनीला टेकलेले नाहीत. मला आमचा माणूस कुठला ते कळेना. तिथे एक म्हातारी बाई फुलं ठेवत होती. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "इंडिया. गोन्सालो." तिने मला हाताला धरून रांगेतून नेलं आणि एकापुढे उभं केलं. बरोबर होता की नाही देव जाणे. मी तिथे प्रार्थना केली.

त्याच शहरात उराकामीचं मोठं चर्च होतं. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तो त्याच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर. १५ ऑगस्टच्या मरियेच्या सणाची तयारी म्हणून लोक त्या वेळी आत कन्फेशनला आले होते. आता मिलर यांची कादंबरी आणि ही पुस्तिका यांत अंतर किती? टीचरच्या खोलीत मोजून एक वीत.

इतिहासाच्या बाकीच्या कपाटाबद्दल इतका मऊ नाही मी. वसईच्या किल्ल्यावर तीन-चार पुस्तिका आहेत. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी घेतली, मधली दोनशे वर्षं सगळ्यांनी लिहिली आहेत. पण एक पुस्तिका पहिल्या पानापासून पोर्तुगीजांची आरती ओवाळते, दुसरी शेवटच्या पानापर्यंत रडते. गोव्याचं इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागल्याचा आळ घेऊन लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, चाललं. त्याला एकीत एक परिच्छेद, दुसरीत तोही नाही. आपल्याच घरातली अडगळ आपण आवरायची नाही तर कोणी? घंटांवर मात्र एक चांगला लेख आहे. आमच्या चर्चमधल्या घंटा चिमाजी अप्पांच्या विजयानंतर घाटावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीत, भीमाशंकरला. मी मेणवलीला जाऊन बघून आलो. बरोबर माझी मुलगी होती. तिने विचारलं, पप्पा, वाईट वाटतं का? म्हटलं, वितळवून तोफ केली असती तर वाटलं असतं.

आणि फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची जाडजूड प्रत आहे. इंग्रज माणूस, १५७९ ला गोव्यात उतरला, आणि त्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या, १६१६ ला राचोलला छापल्या. ही प्रत सहा महिन्यांत मीच एकटा घरी घेऊन गेलोय, चिठ्ठीवर दुसरा शिक्का नाही. उपवासकाळात रोज वीस ओव्या मोठ्याने वाचल्या. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, हे तर किर्तनासारखं लागतं.

इतिहासाच्या कपाटातला एक तुकडा मात्र सरळ रहस्याच्या कपाटात हलवायला हवा. स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री वारल्या, आणि दुसरा दिवस उजाडला तो १५ ऑक्टोबरचा. पोप ग्रेगरी यांनी पंचांग दुरुस्त करायला मधले दहा दिवस उडवले, ते नेमके त्या रात्री. म्हणून त्यांचा सण १५ ला. दहा दिवस गायब, प्रेत जागेवर, आणि हे सगळं खरं. नॉक्स यांच्या कुठल्या आज्ञेत बसतं हे?

'रोजचं' कपाटाबद्दल थोडक्यात. 'सुवार्ता' मासिकाचे जुने अंक वर्षावार शिवलेले, दिब्रिटो संपादक असतानाचेही. नवराबायकोच्या भांडणावर सल्ले, शेतकऱ्याची पत्रं, लग्नखर्चाला आळा घाला म्हणून तेव्हा लिहिलेले लेख (घातला नाही). फुग्यांची आणि इंद्यालाची, म्हणजे आमच्याकडच्या पदार्थांची, कृती कोणीतरी वहीत हाताने लिहून ठेवलेली. तिच्यावर तेलाचे इतके डाग आहेत की मिलर यांच्या संन्याशाला पंधरा वर्षं पुरली नसती.

खोली ओलसर आहे. जुलैत पुस्तकांना बुरशीचा वास येतो, डांबरगोळ्यांचा त्याहून जास्त. दोन पुस्तकांना कसर लागलेली मी स्वतः दाखवली. पंखा एकच, तो टीचरच्या डोक्यावर. चहा मिळत नाही, पण खाली पतपेढीच्या दारात मिळतो.

आता खरी तक्रार.

गेल्या ऑगस्टात एक रहस्यकादंबरी घेतली. रात्री बायको झोपल्यावर बसलो. पान ३१, उजवा समास, पेन्सिलीने, बारीक, तिरप्या अक्षरात एकच शब्द: 'भाचा'. मला वाटलं कोणीतरी कठीण शब्दाचा अर्थ लिहिलाय. पान २१४ ला कळलं. भाच्याने केला होता.

दुसऱ्या पुस्तकात, परत पान ३१: 'नर्स नाही. नर्सची बहीण.' तिसऱ्यात, पान ३१: 'डॉक्टर, विष चहात नाही, गोळीत.' चौथं पुस्तक घेतलं तेव्हा मी टेबलाजवळच ३१ उघडून, डोळे अर्धे मिटून, नुसतं काही लिहिलंय का एवढंच बघितलं. लिहिलं होतं.

बोटीवर शेवटचं पान नव्हतं, इथे ते सुरुवातीलाच वाढून ठेवलेलं. मग मी तपास केला, नॉक्स यांच्या आज्ञा पाळून, योगायोगाची मदत न घेता. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का आणि सभासद क्रमांक असतो. चारही पुस्तकांत समान असा एकच क्रमांक: ११७. काहींत दोनदा. एकात तीनदा. हा तीनदा मला जरा विचित्र वाटला होता, पण रागात तिकडे लक्ष दिलं नाही.

टीचरना म्हटलं, "११७ कोण?"

"बोटीवाले, कन्फेशनमधलं फादर सांगत नाहीत, रजिस्टरमधलं मी सांगत नाही."

"पण टीचर, पुस्तकं खराब होतायत."

"पेन्सिल आहे," टीचर म्हणाल्या आणि खणातून खोडरबर काढून टेबलावर ठेवला.

या वाचनालयाची एक सेवा मी अजून सांगितली नाही. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना शनिवारी पुस्तकं घरपोच मिळतात, फुकट. कॉलेजची पोरं सायकलवर नेऊन देतात. मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा. टीचरनी पिशवी माझ्या हातात दिली. तीन पाकिटं, तीन पत्ते, क्रमांक कुठेच नाहीत. तिसरं घर वाडीच्या आत, केळीच्या मागे. व्हरांड्यात आरामखुर्चीत एक गृहस्थ, नव्वदीचे असतील, कानावर पेन्सिल. मी पुस्तक दिलं. त्यांनी ना नाव पाहिलं ना चित्र, सरळ पान ३१ उघडलं, चष्मा वर करून समास पाहिला, आणि चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाले, "हे नाही वाचलेलं."

सून दारात उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "बाबांना वाचलेलं आठवत नाही आता. मग संपलं की ते खूण करून ठेवतात. तेच पुस्तक परत आलं तर कळावं म्हणून." ३१ च का, ते विचारायचं राहिलं.

घरी येताना मी टीचरवर चिडायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. दुसऱ्या बुधवारी जाऊन खोडरबर मागून घेतला आणि 'भाचा' खोडला. कागदाला खड्डा राहिला, पण अक्षर दिसत नाही. पुस्तक परत कपाटात. पंधरा दिवसांनी टीचरनी ते मुद्दाम शनिवारच्या पिशवीत घातलं, मी बघत होतो.

एप्रिलमध्ये ते परत आलं. मी पान ३१ उघडलं. उजवा समास, तेच तिरपं अक्षर, पेन्सिलीला नुकतं टोक केलेलं. 'माळी.'

भाच्यानेच केलाय हो. मी दोनदा वाचलंय. माळी तर त्या रात्री गावातच नव्हता.

खोडरबर माझ्या खिशात होता. तो मी टीचरना परत केला आणि पुस्तक होतं तिथे ठेवलं, रहस्यच्या दुसऱ्या फळीवर, डावीकडून सहावं.